एका खाड्याची किंमत : ऊसतोडीला आलेल्या गरोदर बाईच्या तपासण्यांचं प्रकरण

ही नोंद २०२३-२४ च्या गाळप हंगामातली आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. बाईची ओळख पटू नये म्हणून तिचं नाव, गाव, कारखाना यातलं काहीच लिहीत नाही.

१८ जानेवारीला दुपारी चारच्या सुमाराला एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उपकेंद्रात आली. मुलीच्या डाव्या हाताचं बोट कोयत्याने कापलं होतं आणि त्यावर साडीच्या काठाची चिंधी बांधली होती. चिंधी सोडवून मी जखम धुतली, पट्टी केली, धनुर्वाताची सुई दिली. मुलगी रडली नाही. आईच्या अंगावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट होता, उसाच्या पात्यापासून हात वाचावेत म्हणून तोडीवरच्या बायका घालतात तसा. त्या शर्टाखाली पोट होतं.

"ताई, कितवा महिना?" मी विचारलं.

"मला काय झालंय म्याडम? पोरीचं बघा."

मुलीला बिस्किट देऊन बाकावर बसवलं आणि आईची पापणी खाली ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं होतं. बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिलं, ते ७.२ भरलं. वजन ४१ किलो, रक्तदाब ११०/७०. वय तेवीस, ही तिसरी खेप, आधीच्या दोन्ही मुली. कार्ड मागितलं तर म्हणाली, "सासूनं पेटीत ठेवलंय. हरवंल म्हनून." आरसीएच क्रमांक, म्हणजे माता-बाल आरोग्य नोंदणीचा क्रमांक, त्या कार्डावर होता. मोबाइल नंबरावरून पोर्टलवर शोधायला गेले, तर तिथे दिराचा नंबर होता आणि तो कुणाला पाठ नव्हता. पाळीची तारीख तिला सांगता आली नाही, पण पाळी कधी आली ते नेमकं आठवत होतं. आषाढी एकादशीला, उपास होता त्या दिवशी. त्या वर्षी एकादशी २९ जूनला होती. म्हणजे १८ जानेवारीला तिला एकोणतीस आठवडे भरत होते आणि बाळंतपण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येत होतं. पोटाची उंची मात्र सव्वीस आठवड्यांच्या पुढे नव्हती.

रक्त इतकं कमी, म्हणून तिला लोहाचं इंजेक्शन लागणार होतं. परवा ग्रामीण रुग्णालयात चला, गाडीची सोय मी करते, असं सांगितलं. तिने मान हलवली आणि गेली. परवा ती आली नाही.

गावाकडचं कार्ड

त्यानंतरच्या चार दिवसांत मी तिच्या गावच्या आशाताईला गाठलं. बीड जिल्ह्यातलं गाव. नंबर मिळवायला तिकडच्या गटप्रवर्तकापर्यंत, म्हणजे आशांवर देखरेख करणाऱ्या बाईपर्यंत, जावं लागलं. आशाताईच्या वहीत सगळं होतं. पोळ्याच्या आठवडाभर आधी, दहाव्या आठवड्यात नोंदणी झालेली. हिमोग्लोबिन ९.८, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) पहिली सुई. ऑक्टोबरमध्ये अंगणवाडीत आरोग्य दिवसाला दुसरी सुई, जंताची गोळी, लोहाच्या साठ गोळ्या आणि कॅल्शियम. दिवाळी झाल्या झाल्या टोळीचा ट्रक भरला. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता, "स्थलांतरित".

इथे मी थोडी थांबणार आहे. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे गरोदरपणात किमान चार तपासण्या हव्यात. पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस आठवड्यांत, तिसरी अठ्ठावीस ते चौतीसमध्ये आणि चौथी छत्तीसच्या पुढे. गावाकडच्या दोन भेटी धरल्या, तर माझ्याकडची १८ जानेवारीची भेट तिसरी ठरते. पुढे आणखी एक झाली की ही बाई "चारही तपासण्या पूर्ण" या रकान्यात जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५८.१ टक्के मातांना अशा चार किंवा जास्त तपासण्या मिळाल्या होत्या आणि महाराष्ट्रात हा आकडा सत्तरच्या आसपास होता. पाहणीवाले हिच्या दारात आले असते तर हीसुद्धा त्यातच मोजली गेली असती. आणि नोंदणीपासून जानेवारीपर्यंत तिचं रक्त ९.८ वरून ७.२ वर आलं, त्यातल्या ऑक्टोबरनंतरच्या महिन्यांत एकाही सरकारी आरोग्य कर्मचाऱ्याने तिला पाहिलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली चारऐवजी आठ भेटी सुचवल्या. त्यातल्या विसाव्या आणि सव्विसाव्या आठवड्याच्या भेटी नेमक्या या खड्ड्यात पडतात.

कोपीवर

२३ तारखेला संध्याकाळी मी आणि आमच्या आशाताई कोप्यांवर गेलो. माळावर चौदा कोप्या होत्या. बांबूची कमान, वर पाचट, त्यावर निळा प्लास्टिक कागद. आत जाताना मलाही वाकावं लागलं. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. सकाळी चार वाजल्यापासून ती उभी होती.

लोहाच्या गोळ्या कुठे आहेत विचारलं, तेव्हा तिने कोपीच्या कमानीत खोचलेली पिशवी काढली. मी मोजल्या. साठातल्या सेहेचाळीस शिल्लक होत्या.

"गोळी खाल्ली की मळमळतंय. फडात वाकलं की उलटी येती. मग मोळी कोन उचलनार?"

घेतलेल्या चौदा गोळ्याही सकाळच्या चहाबरोबर घेतलेल्या. चहाने लोह अंगाला लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते, हेही नाही. गोळ्या वाटल्याची नोंद वहीत असते. त्या कोणत्या वेळी आणि कशाबरोबर घ्यायच्या, हे बाईच्या दिवसाचं वेळापत्रक माहीत असेल तरच सांगता येतं.

रुग्णालयात का आली नाहीस, असं मी विचारलं नाही. परवाचा दिवस कसा गेला, एवढंच विचारलं. त्यावर ती आणि तिचा नवरा दोघंही बोलू लागले.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या कोयत्याने हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, ऐंशी हजारांची उचल (आगाऊ रक्कम) घेतली होती आणि त्यातले बरेचसे थोरल्या नणंदेच्या लग्नाच्या कर्जात गेले होते. उचल फिटेपर्यंत हातात पैसा येत नाही, आठवड्याला फक्त खर्ची मिळते. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. त्याच जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला होता. नव्या दराने धरलं तरी जोडीचा दिवस साडेपाचशे ते सव्वासातशे रुपयांचा. बाई एक दिवस नसली की नवरा एकटा तोडू शकतो, पण मोळी बांधणं आणि गाडी भरणं जमत नाही, म्हणून कोयताच बंद धरला जातो. वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, या टोळीत दिवसाला पाचशे रुपये. म्हणजे रुग्णालयातली "मोफत" तपासणी या घराला हजाराच्या वर पडत होती.

समोर काय होतं तेही मांडते. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या पात्र बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी सातशे रुपये मिळतात. तिच्या दीड दिवसाच्या खाड्याएवढेही नाहीत. मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी आहे आणि दुसरी मुलगी झाली तर त्या वेळी आहे, तिसऱ्या खेपेला नाही. प्रसूती रजेचा कायदा २०१७ पासून सव्वीस आठवडे देतो, तिसऱ्या मुलाला बारा, पण त्यासाठी कुणाच्या तरी हजेरीपटावर नाव लागतं. हिचा व्यवहार मुकादमाशी आणि तोही नवऱ्याच्या नावाने. तिचं नाव कुठेच नाही.

डिसेंबरात चक्कर येऊन ती फडात बसली होती, हे याच वेळी कळलं. तेव्हा ती बाजारच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात गेली. रात्री आठ वाजता. सलाईन लावलं, चारशे रुपये घेतले आणि पहाटे ती फडात होती. रक्त तपासलं गेलं नाही. तिला सेवा नको होती असं म्हणणाऱ्याने हा प्रसंग लक्षात घ्यावा. ती चारशे रुपये मोजून गेली होती, कारण तो दवाखाना तिच्या वेळेला उघडा होता. आमचं उपकेंद्र सकाळी उघडतं तेव्हा तिने चार तास ऊस तोडलेला असतो आणि संध्याकाळी ती कोपीवर येते तेव्हा आमचं दार बंद असतं.

दुसरी बाई

त्याच माळावर शेवटच्या कोपीत आणखी एक गरोदर बाई होती, मुकादमाची भावजय. त्याच गावची, शिकलेली तेवढीच, दोघीही सातवीपर्यंत. लग्नंही दोघींची अठराच्या आत झालेली. गावाकडे आशाताई एकच, तिने सांगितलेली माहिती एकच. या दुसऱ्या बाईच्या डिसेंबर आणि जानेवारीत दोन तपासण्या झाल्या होत्या, सोनोग्राफी झाली होती, हिमोग्लोबिन १०.६ होतं. फरक इतकाच की तिच्या नवऱ्याकडे मोटारसायकल होती आणि तिचा कोयता नव्हता. ती टोळीचा हिशोब लिहायची, तिला खाडा पडत नव्हता.

गरोदर बायका तपासणीला येत नाहीत याची कारणं आमच्या अहवालांत ठरलेली असतात. अज्ञान, निरक्षरता, लवकर लग्न, रूढी. यातलं काही खोटं नाही. पण या दोघी शेजारी ठेवल्या की त्यातली बहुतेक कारणं दोन्हीकडे सारखीच उरतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये आरोग्यसेवेच्या वापरामागची कारणं तीन गटांत मांडली होती : माणसाची मूळची घडण, सेवा शक्य करणारी साधनं आणि प्रत्यक्ष गरज. इथे घडण सारखी होती आणि गरज पहिलीची जास्त होती. निकाल मधल्या गटाने लावला. आणि त्या साधनांत मी पैशाच्याही आधी वेळ लिहीन.

पिशवीची भीती

एक गोष्ट मात्र खाड्याच्या हिशोबात बसत नव्हती. सोनोग्राफीचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. नवरा पाणी आणायला गेला तेव्हा आमच्या आशाताईच्या कानाशी बोलली. तिच्या चुलत सासूला अंगावरून पांढरं जात होतं. शहरातल्या डॉक्टरने सोनोग्राफी केली, कॅन्सर होईल म्हणून सांगितलं आणि गर्भपिशवी काढली. तेव्हा तिचं वय तीसही नव्हतं. "मशीन लावलं की पिशवी काढाय सांगत्यात," असं तिला वाटत होतं.

ही भीती कुणी अडाणीपणात काढू नये. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली होती. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तिच्या गल्लीत अशा बायका रोज दिसतात. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यातून अनुमान काढलं होतं. मी तिला खोटं पाडायला गेले नाही. गरोदर बाईची पिशवी कुणी काढत नाही, हे यंत्र बाळाची वाढ पाहण्यासाठी आहे, आणि आत जाताना तुमच्याबरोबर ओळखीचं माणूस असेल, एवढं सांगितलं.

मुकादम, मुकादमीण आणि चिटबॉय

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर वाहतूकदाराची उचल होती. "मॅडम, एकीला सोडलं की उद्या दहा जणी उभ्या राहतील. गाडी भरली नाही तर मला कोण विचारतं?" असं तो म्हणाला. मी कायद्याच्या गोष्टी काढल्या असत्या तर बोलणं तिथेच संपलं असतं. मी विचारलं, तुमची टोळी कोणत्या दिवशी बसून असते? म्हणाला, कारखाना बंद पडला की. गव्हाणीपुढे, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात तिथे, गाड्यांची रांग लागली की तोड थांबवतात, तो दिवस रिकामा.

आणि तो दिवस कधी येणार, हे कुणाला आधी कळतं? चिटबॉयला. कारखान्याच्या शेतकी विभागाचा हा पोरगा उद्या कोणती टोळी कोणत्या फडात जाणार, तोड चालू राहणार की थांबणार, हे आदल्या संध्याकाळी सांगत असतो. आठ वर्षं मी या पट्ट्यात आहे आणि त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्या रात्री घेतला.

मुकादमाची बायको तोवर चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "माझं पहिलं बाळंतपन असंच कोपीत झालं. नाळ कोयत्यानं कापली. पोरगं आठ दिवस जगलं." मुकादमाने तिच्याकडे पाहिलं नाही. पण थोड्या वेळाने म्हणाला, बंद असेल त्या दिवशी गाडी पाठवा, सगळ्यांनाच घेऊन जा.

२४ ला रात्री नऊ वाजता चिटबॉयचा फोन आला : उद्या तोड नाही. २५ ला सकाळी १०२ ची सरकारी रुग्णवाहिका माळावर गेली. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी मी आधी एका मुद्द्यावर बोलले होते. शिरेतून द्यायच्या लोहातलं आयर्न सुक्रोज द्यायचं तर दिवसाआड चार-पाच फेऱ्या, म्हणजे चार-पाच खाडे. ती दुसऱ्या फेरीला येणार नाही, हे मला दिसत होतं. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजचा वजनानुसार ठरणारा मोठा डोस एका बैठकीत देता येतो. तिथे ते उपलब्ध होतं आणि त्यांनी तेच दिलं. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांमध्येही उशिरा सापडलेल्या किंवा गोळ्या नियमित घेऊ न शकणाऱ्या गरोदर बाईला शिरेतून लोह देण्याची मुभा आहे. औषध निवडताना तिचा रोजगार विचारात घेतला गेला, या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय मी हाच मानते.

९ फेब्रुवारीला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, ती आली नाही. रात्रभर ट्रक भरणं चाललं होतं. त्यानंतर मी दर पंधरवड्याला संध्याकाळी सहानंतर माळावर जायला सुरुवात केली. कंदिलाच्या नाही, मोबाइलच्या उजेडात रक्तदाब पाहायचा. २२ फेब्रुवारीला हिमोग्लोबिन ९.४ झालं. ९ मार्चला चिटबॉयच्या निरोपावर चार बायका एका गाडीतून गेल्या आणि सोनोग्राफीच्या खोलीत मुकादमीण तिचा हात धरून आत गेली. बाळ लहान होतं, पण पाणी पुरेसं होतं आणि ठोके चांगले होते.

पट्टा पडला तेव्हा

बाळंतपण इथेच व्हावं असं मला वाटत होतं. सदतीस आठवडे भरलेल्या बाईने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या गाठोड्यांवर बसून रात्रभराचा प्रवास करू नये. सासू फोनवर म्हणाली, "तिकडं तिला शेक-शेगडी कोन करनार? पोरीला घरी आना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे दवाखाना मिळाला असता, पण त्यानंतरचे दिवस तिने त्याच कोपीत काढले असते. २० मार्चला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. नवऱ्याने मुकादमाशी बोलून तिला आणि मुलींना एसटीने पाठवलं. तिकिटाचे पैसे मुकादमाने उचलीत लिहिले.

जाण्याआधी मी नवं कार्ड भरलं, आरसीएच क्रमांक लाल शाईने मोठा लिहिला आणि कार्डाचा फोटो तिकडच्या आशाताईला पाठवला. २ एप्रिलला उपजिल्हा रुग्णालयात मुलगी झाली. वजन २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, तसं हेही होतं. जास्त रक्तस्राव झाला नाही. बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन १०.१ होतं.

जे राहून गेलं

थडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले : निर्णय घ्यायला लागणारा, दवाखान्यापर्यंत पोचायला लागणारा आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. बहुतेक वेळा पहिला उशीर बाईच्या आणि घरच्यांच्या खात्यावर टाकला जातो. या प्रकरणात पहिला उशीर माझा आहे. त्या चौदा कोप्या नोव्हेंबरपासून उपकेंद्राच्या गच्चीवरून दिसत होत्या, अंतर दीड किलोमीटर. आमच्या आशाताईची यादी गावातल्या घरांची. माळावरच्या बायका त्या यादीत नाहीत, त्यांच्या मागे फिरण्याचा मोबदलाही तिला मिळत नाही. तिने जायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. मी जायला हवं होतं. मुलीचं बोट कापलं नसतं तर मी तिला पाहिलंच नसतं.

त्याच टोळीत आणखी एक बाई जानेवारीत दीड महिन्याची गरोदर होती. ती २३ तारखेला आमच्या समोरून पाण्याची घागर घेऊन गेली. पोट दिसत नव्हतं, आम्ही विचारलं नाही. ती आम्हाला मार्चमध्ये सापडली, बारा आठवडे उलटून गेल्यावर. आता कोप्यांवर गेलं की लग्न झालेल्या प्रत्येकीला आम्ही शेवटच्या पाळीची विचारणा करतो, तारीख न विचारता सणावरून. पंचमीच्या आधी की नंतर, गणपतीत की नवरात्रात. उत्तर बहुतेकदा दोन-चार दिवसांच्या फरकाने बरोबर निघतं.

माझ्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी आता "स्थलांतरित" लिहीत नाही. तिथे तीन नंबर असतात : गावाकडच्या आशाताईचा, मुकादमाच्या बायकोचा आणि चिटबॉयचा. पुढच्या हंगामात दिवाळीनंतर पहिला फोन त्या बीडच्या आशाताईचाच आला. ट्रक निघाला होता आणि त्यात दोन गरोदर बायका होत्या. कार्डं त्यांच्याजवळच आहेत ना, हे तिने ट्रकवर चढून पाहून घेतलं होतं.